उंबरठ्याबाहेरची साडी

(द्वितीय वर्ष, कला)

स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आपल्या महाविद्यालयात दरवर्षी ‘साडी डे’ असतो. त्या दिवशी सारे आवार कसे फुलून येते! कुणी आईची पैठणी नेसून येते, कुणी इरकल, कुणी शिवून घेतलेली नऊवारी. गेल्या वर्षी तर एकीने साडीवर कमरेला चामडी पट्टा बांधला होता आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. मी मामीची साडी मागून आणली होती. शेजारच्या काकूंनी सहा पिना लावून ती माझ्या अंगावर कशीबशी उभी केली होती.

त्या गडबडीत इतिहासाच्या मॅडमनी आम्हां मुलींना सहज विचारले की, तुम्ही आज ज्या पद्धतीने साडी नेसला आहात ती पद्धत किती जुनी असेल. आम्ही एका सुरात हजारो वर्षे असे उत्तर दिले. मॅडम हसल्या. साडीचे वस्त्र फार जुने आहे, पण परकर, पोलके आणि डाव्या खांद्यावरचा पदर हा थाट तेवढा जुना नाही, असे त्या म्हणाल्या आणि ग्रंथालयात जाऊन ज्ञानदानंदिनीदेवी ठाकूर यांच्याविषयी वाचण्यास त्यांनी सांगितले.

रवींद्रनाथांची थोरली भावजय एवढीच काय ती ओळख घेऊन मी वाचावयास बसले. उठले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक निराळीच स्त्री उभी होती. तिची कथा आपल्यापुढे मांडावी म्हणून हा लेखप्रपंच.

ज्ञानदानंदिनींचा जन्म १८५० सालचा, आज बांगलादेशात असलेल्या जेसोर जिल्ह्यातला. वडील अभयचरण मुखोपाध्याय. ठाकूर घराण्याला आपल्या सुना बहुधा याच मुलखातून मिळत. सात-आठ वर्षांच्या वयात ही मुलगी बैलगाडीचे आणि नदीचे जग मागे टाकून कलकत्त्याच्या जोडासाँको येथील प्रचंड वाड्यात सून म्हणून आली. नवरा सत्येंद्रनाथ, महर्षी देवेंद्रनाथांचे दुसरे चिरंजीव. त्यांचा जन्म १८४२ चा, म्हणजे तेही अजून विद्यार्थीच.

महर्षी देवेंद्रनाथ ब्राह्मसमाजाचे मोठे पुढारी. मूर्तिपूजा त्यांनी घरातून दूर केली. परंतु पडदा काही दूर केला नव्हता. वाड्याचे दोन भाग होते, बाहेरचा पुरुषांचा आणि आतला बायकांचा. आतल्या बायकांनी बाहेरच्या भागात पाऊल टाकावयाचे नाही. गंगास्नानाची हौस असलीच तर बंद पालखीत बसावयाचे, आणि भोयांनी ती पालखी बाईसकट पाण्यात बुडवून वर काढावयाची! हे वाचताना आज हसू येते, पण त्या पालखीत बसलेल्या बाईला काय वाटत असेल याचा विचार केला की ते हसू ओठांवरच विरते.

या घरात ज्ञानदानंदिनींना अक्षरओळख होती ती पुढे वाढली. धाकटे दीर हेमेंद्रनाथ घरच्या सुनांना शिकवीत. सुना डोक्यावरून पदर ओढून त्यांच्यासमोर बसत आणि ते रागावले की दचकत.

सत्येंद्रनाथांचे विचार मात्र फार पुढचे होते. बायको ही नुसती आतल्या घरात बसवून ठेवण्याची वस्तू नव्हे असे त्यांना तरुणपणापासून वाटे. त्यांचे जिवलग मित्र मनमोहन घोष यांना सत्येंद्रनाथांच्या पत्नीला पाहण्याची इच्छा झाली. पण परपुरुष अंतःपुरात येणार कसा? तेव्हा या दोघा मित्रांनी एक युक्ती केली. रात्री सारे निजल्यावर दोघे पावलाला पाऊल जुळवून चालत गेले, म्हणजे ऐकणाऱ्याला एकाच माणसाची चाहूल लागावी. सत्येंद्रनाथांनी मित्राला मच्छरदाणीच्या आत बसविले आणि आपण शेजारी पडून राहिले. आत एका बाजूला घुंगट ओढलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला तोंडातून शब्द न फुटणारा पाहुणा! थोड्या वेळाने तसेच पाऊल जुळवून दोघे बाहेर पडले. पुढे हेच मनमोहन घोष नामवंत बॅरिस्टर झाले. गोष्ट विनोदी खरी. पण एका सुशिक्षित घरातला पडदा केवढा जाड होता हे तिच्यावरून कळते.

१८६२ साली सत्येंद्रनाथ इंग्लंडला गेले आणि १८६३ साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झाले. असे यश मिळविणारे ते पहिले भारतीय. तिथून ते पत्नीला पत्रे लिहीत. तिकडच्या स्त्रिया कशा वावरतात, कशा शिकतात, हे सांगत. तिलाही विलायतेस पाठवावे अशी विनंती त्यांनी वडिलांना केली. ती महर्षींनी मान्य केली नाही. १८६४ साली ते परतले आणि त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. या वेळी मात्र पत्नीला बरोबर नेण्याची परवानगी मिळाली. आणि इथेच या कथेत साडी प्रवेश करते.

मुंबईला जावयाचे, पण अंगावर काय घालून?

हा प्रश्न आज चमत्कारिक वाटेल. त्या काळी बंगालमधल्या घरंदाज बायका घरात एकच साडी अंगाभोवती लपेटून घेत. आत परकर नाही, पोलके नाही. साडी बहुधा तलम असे. चार भिंतींच्या आत, बायकाबायकांत, ते चालून जाई. पण त्या वेषात चार परक्या माणसांसमोर उभे राहणे शक्यच नव्हते. म्हणजे पडद्याची चाल आणि वस्त्र ही दोन्ही एकमेकांना घट्ट धरून होती. बाहेर जावयाचे नाही म्हणून बाहेरचे वस्त्र नाही, आणि बाहेरचे वस्त्र नाही म्हणून बाहेर जाता येत नाही! दाराला कुलूप घालण्याची गरजच काय? कपाटात साडी नसली की पुरे.

मग घाईघाईने कलकत्त्याच्या एका फ्रेंच दुकानात तथाकथित पौर्वात्य पद्धतीचा एक पोशाख शिवून घेतला गेला. तो इतका अवघड होता की ज्ञानदानंदिनींना तो एकटीने घालता येईना. नवऱ्याची मदत घ्यावी लागे. त्या वेळी कलकत्ता ते मुंबई अशी सलग रेल्वे नव्हती. ती १८७० साली सुरू झाली. म्हणून प्रवास बोटीने. आता बोटीपर्यंत जावयाचे कसे? घरच्या सुनेने देवडीवरून चालत जाऊन गाडीत बसावे हे वडीलधाऱ्यांना रुचणारे नव्हते. तेव्हा पालखी आली, आणि पालखीतून बोटीवर चौदा वर्षांची ती मुलगी निघाली. अंगात परक्याने बेतलेला पोशाख, भाषा येते ती फक्त बंगाली, आणि समोर अथांग समुद्र.

मुंबईत आल्यावर सुरुवातीचे काही महिने हे जोडपे माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांच्या घरी राहिले. माणकजी मोठे सुधारक. मुलींना इंग्रजी शिक्षण देणारी ॲलेक्झांड्रा संस्था त्यांनीच १८६३ साली मुंबईत काढली. त्यांच्या घरातल्या स्त्रिया पाहुण्यांत मिसळत, बोलत, एका टेबलावर जेवत. त्यांची साडी ज्ञानदानंदिनींनी पाहिली. आत अंगभर कपडे आणि वरून नीट चापूनचोपून नेसलेली साडी. पारशी आणि गुजराती बायका पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे आणीत. ज्ञानदानंदिनींनी ही पद्धत उचलली, पण जशीच्या तशी नव्हे. पदर त्यांनी डाव्या खांद्यावर घेतला. उजवा हात कामाला मोकळा राहावा हा त्यातला हेतू असल्याचे सांगतात. साडीच्या आत परकर, वर पोलके, पायांत मोजे आणि बूट. तो फ्रेंच पोशाख कायमचा गेला.

मला या ठिकाणी त्यांचे फार कौतुक वाटते. समोर दोन सोपे रस्ते होते. मडमेचा झगा घालावा, की पुन्हा पडद्याआड जावे. त्यांनी दोन्ही नाकारले. साडी तीच ठेवली, नेसण बदलली. आजकाल ज्याला डिझाइन म्हणतात ते आणखी वेगळे काय असते? अडचण नीट ओळखावयाची, जवळ आहे त्या वस्तूला हात घालावयाचा, आणि दुसऱ्याकडून घेतलेले आपल्या हाताला जुळवून घ्यावयाचे.

एक प्रश्न मात्र मनात येतो. मुंबई इलाख्यात आपल्या मराठी बायकाही होत्याच. काष्टा मारून नेसलेले नऊवारी लुगडे आणि अंगात चोळी, या वेषात त्या बाजारात जात, विहिरीवर जात, शेतात राबत. बंगाली सुनेला जे वस्त्र शोधावे लागले ते आपल्या बायकांपाशी आधीच होते. मग ज्ञानदानंदिनींनी ते का घेतले नाही? मला वाटते, ज्या घरात त्या राहिल्या त्या घराचा हा परिणाम असावा. शिवाय त्यांना इंग्रज अधिकाऱ्यांच्या मंडळींत वावरावयाचे होते आणि त्या मंडळींच्या डोळ्यांना पायघोळ वस्त्रच सभ्य वाटे. हा माझा तर्क आहे. पण या तर्काकडे मला शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

१८६६ साली हे जोडपे रजेवर कलकत्त्याला गेले. दोन वर्षांपूर्वी पालखीतून गेलेली सून आता दारात सर्वांदेखत गाडीतून उतरली. जुन्या नोकरचाकरांनाही हे पाहवले नाही. घरातल्या काही जणींनी त्यांच्याशी बोलणे, मिसळणे कमी केले. त्याच सुमारास त्या व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांच्या घरच्या समारंभाला गेल्या. सत्येंद्रनाथ आजारी असल्याने ते बरोबर नव्हते. काहींना ही कुणी भोपाळची बेगम असावी असे वाटले, असे सांगतात. ठाकूर घराण्यातलेच प्रसन्नकुमार ठाकूर तिथे उपस्थित होते. आपल्या घरची सून उघड्या चेहऱ्याने येथे आली हे पाहून ते लाजेने निघून गेले.

विरोध झाला, पण नेसण पसरली. ज्ञानदानंदिनींनी ‘बामाबोधिनी पत्रिका’ या स्त्रियांच्या मासिकात जाहिरात दिली की, ज्यांना ही पद्धत शिकावयाची असेल त्यांना आपण शिकवू. पहिल्या शिकणाऱ्यांत बिहारीलाल गुप्त यांच्या पत्नी सौदामिनी होत्या. पाहता पाहता ब्राह्मसमाजी घरांतल्या मुली अशी साडी नेसून शाळेत, प्रार्थनेला, सभेला जाऊ लागल्या. लोक हिला ब्राह्मिका साडी म्हणू लागले. मुंबईहून आलेली म्हणून मुंबईची पद्धत असेही तिचे नाव पडले. पुढे इतरांनीही तिच्यात भर घातली. केशवचंद्र सेन यांच्या कन्या, कूचबिहारच्या महाराणी सुनीतिदेवी, पदर खांद्यावर ब्रूचने अडकवीत. समोर निऱ्या घालून नेसण्याची आजची सर्वत्र दिसणारी पद्धत घडण्यात दक्षिणेतल्या निवी नेसणीचाही मोठा वाटा आहे. तेव्हा आजच्या साडीचे सारे श्रेय एकट्या ज्ञानदानंदिनींना देणे बरोबर होणार नाही. पण साडी आणि उंबरठा यांचा संबंध प्रथम ज्यांनी ओळखला त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

साडीच्या पलीकडेही त्यांचे कर्तृत्व मोठे आहे. १८७७ साली त्या लहान मुलांना घेऊन, नवरा बरोबर नसताना, आणि स्वतः गरोदर असताना, इंग्लंडला गेल्या. ज्या सासऱ्यांनी एकदा परवानगी नाकारली होती त्यांच्या घरची सून आपल्या बळावर समुद्र ओलांडून गेली. तिथे अपत्यवियोगाचे दुःख त्यांच्या वाट्याला आले. तरी त्या खचल्या नाहीत. पुढच्या वर्षी सत्येंद्रनाथ आणि सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ब्रायटनला त्यांच्याकडे पोहोचले. परक्या देशात धाकट्या दिराला घर मिळाले ते वहिनीमुळे. १८८५ साली त्यांनी ‘बालक’ हे मुलांचे मासिक काढले. रवींद्रनाथांनी त्यासाठी भरपूर लिहिले. मुलांसाठी त्यांनी नाटुकलीही लिहिली. रवींद्रनाथांचे १८८३ साली लग्न झाले तेव्हा त्यांच्या बालवधूच्या शिक्षणाकडेही याच वहिनीने लक्ष दिले. त्यांची कन्या इंदिरादेवी चौधुराणी पुढे लेखिका आणि रवींद्रसंगीताच्या जाणकार म्हणून प्रसिद्धीस आल्या.

आपल्याला विशेष जवळचे वाटावे असे आणखी काही आहे. सत्येंद्रनाथांची नोकरी अहमदाबाद, सोलापूर, कारवार, सातारा अशा गावी झाली आणि १८९७ साली साताऱ्याहून ते निवृत्त झाले. ते मराठी शिकले, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. ज्ञानदानंदिनींनीही मराठी आत्मसात करून पानिपतची हकिकत सांगणारी भाऊसाहेबांची बखर बंगालीत आणली. जेसोरच्या खेड्यातून आलेली मुलगी आपली बखर वाचते आणि आपल्या भाषेत सांगते! आणि आपण मात्र तिचे नावही ऐकलेले नसते. १९२३ साली सत्येंद्रनाथ गेले. १९४१ च्या ऑगस्टमध्ये रवींद्रनाथ गेले आणि त्यानंतर दोनच महिन्यांत, एक्क्याण्णव वर्षांचे आयुष्य पाहून, ज्ञानदानंदिनीही गेल्या.

२०२३ साली लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये आजच्या नव्या साड्यांचे ‘द ऑफबीट सारी’ हे प्रदर्शन भरले होते. प्रयोग म्हणून घडविलेल्या, नाना पद्धतींनी नेसलेल्या साड्या तिथे मांडल्या होत्या. १८७७ साली ज्या देशात एक बंगाली बाई मुलांना घेऊन उतरली, त्याच देशात साडीचे कौतुक झाले. आज शिवलेली साडी मिळते, खिसा असलेली मिळते, पँटवर नेसतात, टी-शर्टवर नेसतात. हे पाहून आपल्यापैकी काही जण संस्कृती बुडाली म्हणून हळहळतात. त्यांना मला एवढेच नम्रपणे सांगावेसे वाटते की, आज आपण जिला परंपरा म्हणून जपतो ती नेसणही एके काळी फॅशनच होती, आणि तिच्यासाठी एका बाईने आपल्याच घरात अबोला सोसला होता. साडीत बदल झाला की ती बुडत नाही. बदल झाला म्हणूनच ती टिकली.

पण गोष्ट इथे संपत नाही. या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती लिहिल्याशिवाय माझ्याने लेखणी खाली ठेववत नाही.

जे वस्त्र एका बाईला बाहेर घेऊन गेले, तेच वस्त्र पुढे घरंदाजपणाची खूण ठरले. परकर, पोलके, पायघोळ साडी म्हणजे सुसंस्कृत. आणि जिच्या अंगावर ते नाही ती गावंढळ. बंगालच्या खेड्यांत पोलक्याशिवाय राबणाऱ्या कष्टकरी बायका तशाच राहिल्या. त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र बदलली. आपल्याकडेही गोल पाचवारी आली आणि काष्ट्याचे लुगडे हळूहळू म्हातारीचे, मोलकरणीचे, मजुरणीचे झाले. यात ज्ञानदानंदिनींचा दोष नाही. त्यांनी दार उघडले. दाराशी पहारा बसविला तो नंतरच्या समाजाने.

हे मला पुस्तकातून कळले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रवेश घेण्याच्या दिवशी आई माझ्याबरोबर आली होती. एस.टी.तून उतरून आम्ही फाटकापर्यंत आलो आणि आई तिथेच थांबली. आत चल म्हटले तर येईना. माझ्या अंगावर चांगली साडी नाही, तुझे तू जाऊन ये, असे ती हळूच म्हणाली आणि लिंबाच्या सावलीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. कुणी तिला अडविले नव्हते, कुणी काही बोललेही नव्हते. अर्ज, गुणपत्रिका, फी, सारे मी एकटीनेच केले. त्या दिवशी मला तिचा थोडा राग आला होता. खरे सांगायचे तर मनाच्या एका कोपऱ्यात बरेही वाटले होते. आज त्या बरे वाटण्याची लाज वाटते.

ज्ञानदानंदिनींविषयी वाचत असताना ते फाटक सारखे डोळ्यांसमोर येत राहिले. १८६४ साली एका श्रीमंत वाड्याच्या सुनेपाशी बाहेर जाण्याजोगे वस्त्र नव्हते. दीडशेहून अधिक वर्षे लोटली. साडी लंडनच्या प्रदर्शनात गेली. आणि माझी आई विद्येच्या दारापर्यंत येऊन वस्त्रासाठीच थबकली. माझी आजी रोज नऊवारी नेसते, ओचा खोचून भाताची लावणी करते. ती या आवारात आली असती तर लोकांनी वळून पाहिले असते. आणि तीच नऊवारी चेन लावून शिवलेली, भाड्याने आणलेली असली की आपण तिच्यासोबत फोटो काढतो!

मैत्रिणींनो, ‘साडी डे’ बंद करा असे माझे मुळीच म्हणणे नाही. तो आनंदाचा दिवस आहे. यंदा मीही नेसणार आहे, आणि या वेळी पिना न लावता. आजीकडून नऊवारी शिकणे चालू आहे. काष्टा अजून नीट बसत नाही, आजी हसते, सोडते, पुन्हा नेसवते. संमेलनाच्या दिवशी तिला आणि आईला दोघींनाही आणावयाचे आहे, फाटकापर्यंत नव्हे, आत सभागृहापर्यंत, त्यांच्या अंगावर जी साडी असेल त्या साडीत. आई अजून हो म्हणालेली नाही. पण मी तिला ज्ञानदानंदिनींची गोष्ट सांगितली आहे. तिने ती शेवटपर्यंत ऐकली आणि त्या बाईंना पदर डाव्या खांद्यावर का घ्यावासा वाटला, एवढेच विचारले.

उजवा हात मोकळा राहावा म्हणून, असे मी तिला सांगितले.